शत्रूचे गाढव

इस्राएलातला हिवाळा चुकवून यंदा तीन महिने सिंगापूरला मुलीकडे राहण्याचा योग आला. तिचे घर बुओना व्हिस्टा या भागात आहे. नाव इटालियन, अर्थ ‘सुंदर देखावा’. दहाव्या मजल्याच्या खिडकीतून आज जो देखावा दिसतो तो उंच इमारतींचा, खांबांवरून धावणाऱ्या आगगाडीचा आणि २००३ साली उभ्या राहिलेल्या बायोपोलिस या संशोधनसंस्थांच्या वसाहतीचा. जावई तेथेच नोकरीला आहे. आगगाडीचे स्टेशन १९८८ सालचे. २०११ साली जमिनीखालची दुसरी लाइन तेथे येऊन मिळाली. जवळच घिम मोहचा बाजार. सकाळी फिरायला जावे, भाजी-मासळी घेऊन यावे, दुपारी पाऊस पडला की खिडकीशी बसावे, असा माझा दिनक्रम होता.

परंतु प्रवासवर्णन लिहिण्याचा माझा हेतू नाही. या घरातल्या जेवणाच्या टेबलावर मी एक गोष्ट शिकलो आणि ती माझ्या चौदा वर्षांच्या नातवाने मला शिकविली. ती वाचकांपुढे मांडावी म्हणून हा लेखनप्रपंच.

नातवाला नाद आहे रिमोट कंट्रोलच्या मोटारी शर्यतीत पळविण्याचा. प्रथम मला वाटले, पोराचे खेळणे आहे. बुओना व्हिस्टाला मोटारींच्या शर्यती नव्या नाहीत. दक्षिणेला टेकडी ओलांडून जाणारा साऊथ बुओना व्हिस्टा रोड म्हणून एक नागमोडी रस्ता आहे; दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत त्या चढावर ‘गॅप हिल क्लाइंब’ या नावाने खऱ्या मोटारींच्या शर्यती होत असत. २००८ सालापासून शहरात फॉर्म्युला वनची रात्रीची शर्यतही सुरू झाली. पण नातवाची मोटार वीतभर रुंदीचीसुद्धा नाही. तिची रुंदी १९० मिलिमीटर, खऱ्या गाडीच्या साधारण एक दशांश. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ साली पोर्शे ९३४ या गाडीची बिनतारी प्रतिकृती विक्रीस आणली आणि तेव्हापासून हा नाद जगभर पसरला. १९९० नंतर रस्त्यावरच्या साध्या चार दारी गाड्यांसारख्या दिसणाऱ्या ‘टूरिंग कार’ आल्या. वरचे कवच पातळ प्लॅस्टिकचे, रंगविलेले. ते उचलले की आत जे दिसते त्याला खेळणे म्हणवत नाही.

मी मुंबईला रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होतो. पुढे इस्राएलातही हातात पान्हा आणि व्हर्नियरच राहिला. म्हणून मी चष्मा पुसून त्या गाडीत डोकावलो आणि दुसऱ्या दिवसापासून पोराचा मदतनीस झालो.

चारही चाकांना विजेची एकच मोटार दोन दातेरी पट्ट्यांनी फिरविते. प्रत्येक चाकाला तेलाने भरलेला शॉक आणि त्यावर स्प्रिंग. तळाची पट्टी जमिनीपासून पाच-साडेपाच मिलिमीटर उंच; नातू ती उंची मापाची पट्टी सरकवून चारही कोपऱ्यांत पाहतो. चाके वरच्या बाजूने दीड-दोन अंश आत झुकविलेली असतात. कारण वळणावर गाडी बाहेर कलते आणि त्या वेळी टायर जमिनीवर सपाट बसावा लागतो. मागची चाके पुढच्या अंगाने किंचित आत वळविलेली असतात, म्हणजे वेगात शेपूट फिरत नाही. मागच्या डिफरन्शियलमध्ये सिलिकॉनचे तेल भरतात. तेल जितके घट्ट तितकी दोन्ही चाके एकमेकांना धरून राहतात. पातळ असले तर मोकळी होतात. शॉकमध्ये तेल भरले की ते उभे करून ठेवायचे, बुडबुडे वर येऊ द्यायचे. एका शॉकमध्ये हवा राहिली तर गाडी डाव्या वळणावर एक वागते आणि उजव्या वळणावर दुसरे.

एक तपासणी मला फार आवडली. गाडी सपाट काचेवर ठेवायची आणि पुढच्या बाजूला, बरोबर मधोमध, पट्टीखाली पातळ पाते घालून हळूच उचलायची. पुढची दोन्ही चाके एकाच क्षणी काच सोडतात का ते पाहायचे. एक आधी सुटले तर गाडीत कोठेतरी पीळ आहे. डोळ्याला दिसत नाही, हाताला लागत नाही, पण पीळ आहे. मग वरचे स्क्रू सैल करायचे, गाडी काचेवर दाबून बसवायची आणि पुन्हा आवळायची. नातू हे दर शर्यतीच्या आदल्या रात्री करतो. बेअरिंग धुऊन बोटावर फिरवून ऐकतो. वाळूचा एक कण असला तरी आवाज बदलतो. एका वेळी एकच बदल करतो आणि तो वहीत लिहून ठेवतो. आमच्या वर्कशॉपात इतकी शिस्त असलेले उमेदवार मी थोडेच पाहिले.

शर्यती रविवारी असतात. शनिवारी सरावाचा दिवस, पण नातू त्या दिवशी जात नाही. मुलीने घरात शब्बाथ पाळला आहे. त्यामुळे रविवारी इतर मुलांच्या मानाने त्याची तयारी एक दिवसाने कमी असते. त्याबद्दल तो कुरकुरत नाही असे नाही. एकदा डिफरन्शियलमध्ये तेल ओतताना मी त्याला म्हटले, “अरे, आपल्याला कोकणात लोक शनवार तेली म्हणत. घाणा चालवायचा, तेल गाळायचे आणि शनिवारी बैल सोडून द्यायचा. तुझ्या हातात आज तेलाची बाटली आहे आणि शनिवारी तुझाही बैल बांधलेला आहे!” तो हसला. शेजारच्या तेल्याचा घाणा शनिवारी चालत असे आणि आपला बंद राही, हे नुकसान आपल्या पूर्वजांनी पिढ्यान् पिढ्या सोसले, हे त्याला बहुधा तेव्हा प्रथमच कळले असावे.

रविवारी मीही ट्रॅकवर जाऊ लागलो. शर्यतीआधी आणि नंतर गाड्यांची तपासणी होते. तराजूवर गाडी ठेवतात. नातवाच्या गटात १३५० ग्रॅमपेक्षा कमी भरली तर निकाल रद्द. दोन सेलची लिथियम बॅटरी पूर्ण भरली की ८.४० व्होल्ट दाखविते; त्याहून जास्त भरली तर चालत नाही. रुंदी, उंची, टायर, मोटार, सगळे मोजले जाते. मला हे पाहून समाधान वाटले. खोटी मापे आणि खोटी वजने बाळगू नका, असे आपल्या तोरात दोन ठिकाणी बजावले आहे. मिश्नाने तर तेल विकणाऱ्याला आणखी एक काम लावून दिले आहे: माप ओतून झाले तरी भांडे उलटे धरून आणखी तीन थेंब गिऱ्हाइकाच्या भांड्यात पडू द्यावेत. कोकणातल्या आपल्या तेली पूर्वजांना तो मिश्ना ठाऊक नव्हता. पण माप चोख देणारा तेली आणि तसा न देणारा तेली यांतला फरक गावाला बरोबर ठाऊक असे.

तराजू आहे, मीटर आहे, माप आहे. तेव्हा येथे लबाडीला जागा नाही, असे मी मनाशी म्हटले. माझी समजूत चुकीची होती. जागा होती, आणि ती ट्रॅकच्या वळणावर होती.

ते कसे, हे सांगण्यापूर्वी या खेळाची एक रीत सांगावी लागेल. एका वेळी दहा गाड्या पाच मिनिटे पळतात. चालविणारे सगळे एका उंच मचाणावर, हातात ट्रान्समीटर घेऊन, ओळीने उभे असतात. पाच मिनिटे संपेपर्यंत त्यांनी मचाण सोडायचे नाही. आता गाडी कडेला आपटली, उलटी झाली, चाके वर करून पडली, तर चालविणाऱ्याने काय करावे? तो काहीही करू शकत नाही. गाडी पंधरा-वीस मीटरवर डोळ्यांसमोर पडलेली असते आणि त्याला केवळ पाहत राहावे लागते. म्हणून प्रत्येक वळणावर एक माणूस उभा असतो. त्याने धावत जाऊन गाडी सरळ करायची आणि बाजूला व्हायचे. या माणसाला मार्शल म्हणतात. (सिंगापूरचे १९५५ सालचे पहिले मुख्यमंत्री डेव्हिड मार्शल हे आपल्यापैकीच, बगदादी ज्यू घराण्यातले. नातवाला प्रथम वाटले, त्यांच्यावरूनच हे नाव पडले!)

हे मार्शल पगारी नसतात. ज्या दहा जणांची फेरी नुकतीच संपली त्यांनीच गाडी टेबलावर ठेवून पुढच्या दहा जणांसाठी वळणांवर जाऊन उभे राहायचे. म्हणजे तुमची पडलेली गाडी कोण उचलतो? तुमचा प्रतिस्पर्धी. आणि त्याची गाडी तुम्ही. जगात पुष्कळ क्लबांत हीच रीत आहे असे कळते. मला ती फार मोठी वाटली. आपल्याविरुद्ध जिंकायला निघालेल्या माणसाच्या हातात आपले यशापयश देऊन उभे राहायचे, आणि त्याने ते सांभाळावे असे गृहीत धरायचे!

आता प्रसंग सांगतो. पात्रता फेऱ्या चालू होत्या. वेगवेगळ्या गटांतल्या सगळ्यांच्या वेळा एकत्र मांडून पहिले दहा जण मुख्य अंतिम शर्यतीत जातात. अकराव्यापासून दुसऱ्या शर्यतीत. शेवटच्या पात्रता फेरीत नातवाचा गट आधी पळाला आणि नातू यादीत दहावा आला. मुख्य शर्यतीत येण्याची त्याची ही पहिलीच वेळ ठरणार होती. पुढच्या गटात त्याच्याच वयाचा एक मुलगा होता, आधीच्या यादीत त्याच्यामागे उभा असलेला. तो त्या दिवशी छान चालवीत होता. नातू रीतीप्रमाणे वळणावर मार्शल म्हणून उभा होता. शेवटून दुसऱ्या फेरीत त्या मुलाची गाडी नेमक्या नातवाच्या वळणावर कडेला लागली आणि उलटली. नातवाने गाडी उचलली, सरळ केली. मुलाने पाच मिनिटे पूर्ण केली. निकाल लागला तेव्हा तो नातवापेक्षा एक सेकंद आणि तीन दशांश मागे, म्हणजे अकरावा. नातू मुख्य शर्यतीत पळाला आणि नववा आला. मी टाळ्या वाजविल्या.

घरी आल्यावर नातवाने गाडी पेटीतच ठेवली, धुतली-पुसली नाही. असे पूर्वी कधी झाले नव्हते. रात्री अकरा वाजता तो माझ्या खोलीत आला.

“आजोबा, झोपलात का?”

“नाही. काय रे?”

“मी त्याची गाडी उशिरा उचलली.”

“का?”

“मागून गाडी येत होती. येणारी गाडी पाहूनच ट्रॅकमध्ये उतरायचं, असा नियम आहे. बोटं सापडतात, पाय सापडतो.”

“मग तू बरोबरच केलंस.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “पण ती लांब होती, आजोबा. मला जाता आलं असतं. दोन सेकंद तरी मी उगाच उभा राहिलो.”

आणि मी, सत्तरी ओलांडलेला माणूस, त्याला काय म्हणालो? म्हणालो, “अरे, खेळ आहे. गाडी तू उलटवलीस का? नाही ना? मग झोप जा.” तो गेला. झोपला की नाही ते ठाऊक नाही. मी मात्र झोपलो नाही. दोन सेकंद म्हणजे त्या वेगाला वीस मीटरहून अधिक अंतर. पण माझ्या डोळ्यांपुढून हलेना ते अंतर नव्हते, माझे उत्तर होते. मुलगा माझ्याकडे पीळ दाखवायला आला होता आणि मी त्याला वरचे कवच बसवून परत पाठविले होते.

त्या आठवड्याची पाराशा मिश्पातीम होती. वॉटरलू स्ट्रीटवरचे १८७८ सालचे मगेन अबोथ सिनेगॉग घरापासून लांब पडते, म्हणून शब्बाथच्या सकाळी आम्ही घरीच पाराशा वाचीत असू. त्यात ती आज्ञा आली. तुमचा द्वेष करणाऱ्याचे गाढव ओझ्याखाली बसलेले दिसले आणि तेथून निघून जावेसे वाटले, तरी जाऊ नका. त्याच्याबरोबर हात लावून त्याला मोकळे करा, अशा अर्थाची. मी वाचता वाचता थांबलो. नातू माझ्याकडे पाहत होता. उलट्या पडलेल्या गाडीची चाके आणि बसलेल्या गाढवाचे पाय दोघांनाही एकाच वेळी दिसले असावेत.

त्या दिवशी आम्ही दोघे या आज्ञेवर पुष्कळ बोललो. तल्मूदमध्ये विचारले आहे: एकीकडे मित्राचे गाढव ओझ्याखाली दबले आहे आणि दुसरीकडे शत्रूच्या गाढवावर ओझे चढवायला मदत हवी आहे, तर आधी कोणाकडे जावे? खरे पाहता दबलेले जनावर दुःखात असते, म्हणून उतरविण्याचे काम आधी. पण येथे ऋषितुल्य राब्बी म्हणतात, आधी शत्रूकडे जा; कारण तुझे मन त्याच्याकडे जायला तयार नाही आणि त्या मनालाच वाकवायचे आहे. म्हणजे ही आज्ञा केवळ गाढवाच्या सोयीसाठी नाही. ती मदत करणाऱ्याच्या मनातला पीळ काढण्यासाठीही आहे.

नातवाने एक शंका काढली. “पण त्याच्याबरोबर हात लावा असं म्हटलंय ना? तो तर वर मचाणावर उभा होता.” शंका चांगली होती आणि मिश्नाने तिचा विचार केलेला आहे. मालक बाजूला बसून म्हणाला की ‘आज्ञा तुझ्यावर आहे, तूच उतरव’, तर तुम्ही सुटलात. पण मालक म्हातारा किंवा आजारी असला तर सुटका नाही. त्याला हात लावता येत नाही म्हणून. मचाणावरचा मुलगा येऊ शकत नव्हता. त्याच्या हातात एवढेच होते की ट्रान्समीटरचा घोडा सोडून द्यावा, म्हणजे उचलणाऱ्याची बोटे फिरत्या चाकात सापडू नयेत. ते त्याने केले होते. आपला वाटा त्याने दिला होता.

आता कोणी म्हणेल, हे फार ताणणे झाले. खेळात नशीब असतेच. एखाद्या वळणावर मार्शल लठ्ठ असतो, एखाद्या वळणावर पेंगुळलेला. त्यांच्यामुळेही सेकंद जातात आणि कोणी भरून देत नाही. हे खरे आहे. पण ज्याला धावता येत नाही त्याचे दोन सेकंद आणि ज्याला धावायचे नाही त्याचे दोन सेकंद, हे घड्याळावर सारखे दिसले तरी एक नव्हेत. दुसरा म्हणेल, मागून गाडी येत होती हे तर खोटे नव्हते! येथेच मला सर्वांत अवघड गाठ दिसते. नातवाने खोटे कारण शोधले नाही. त्याने खरे कारण वापरले. माणूस उघड्या लबाडीला सहसा भितो. पण एखादा चांगला नियम, एखादी खरी अडचण हाताशी असली की तिच्या आड उभे राहायला त्याला लाज वाटत नाही. ‘आजारी होतो’, ‘पत्र उशिरा मिळाले’, ‘साहेबांची सही व्हायची होती’. सगळे खरे असते. फक्त त्या खऱ्यामागे आपण जरूरीपेक्षा थोडे अधिक थांबलेले असतो.

तोरात काही आज्ञांच्या शेवटी ‘आपल्या देवाचे भय धरा’ अशा अर्थाचे शब्द जोडलेले आहेत. आंधळ्यापुढे अडखळण ठेवू नका, ही त्यांतली एक. राशी त्याचे कारण सांगतो: या गोष्टी हृदयाच्या हवाली केलेल्या आहेत. हेतू चांगला होता की वाईट, हे दुसऱ्या कोणाला कळत नाही. करणाऱ्याला वाटेल ते सांगता येते. म्हणून तेथे मनुष्याच्या साक्षीवर न थांबता देवाची आठवण करून दिली. १३५० ग्रॅम तराजूच्या हवाली आहेत. ८.४० व्होल्ट मीटरच्या हवाली आहेत. दोन सेकंद हृदयाच्या हवाली होते.

आणि आपल्या बेने इस्राएल लोकांना हे दुसऱ्याने समजावून द्यायला नको. आपल्याआधी जे इस्राएलात आले त्यांनी ते भोगले आहे. १९६२ च्या सुमारास आपल्या लोकांच्या विवाहांच्या बाबतीत पिढ्यांची चौकशी करण्याचे नियम निघाले. नियम करणाऱ्यांपाशी कारणे नव्हती असे नाही. धर्मशास्त्राची कारणे होती, सावधगिरीची कारणे होती. पण ज्या मुलामुलींची लग्ने अडली त्यांना आपण रस्त्यात उलटे पडलो आहोत आणि उचलणारा कडेला उभा राहून मागची गाडी जाण्याची वाट पाहतो आहे, असेच वाटले असणार. १९६४ सालच्या ऑगस्टमध्ये क्नेसेटने आपण सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचे आहोत असे जाहीर केले. उशीर किती झाला, तो मोजायला घड्याळ नव्हते. ज्याने तो सोसला त्यालाच तो माहीत. जो समाज असा पडून राहिलेला आहे, त्याच्या मुलाने दुसऱ्याला पडू देऊन उभे राहावे, हे मला शोभेसे वाटेना.

“मग आता काय करू?” नातवाने विचारले. “निकाल तर लागला.”

मी त्याला मिद्राशातली एक गोष्ट सांगितली. एकमेकांचा द्वेष करणारे दोन गाढववाले होते. एकाचे गाढव वाटेत बसले. दुसरा पाहून पुढे निघून गेला. थोडे अंतर गेल्यावर त्याला तोराची आज्ञा आठवली. तो परत फिरला आणि हात लावू लागला. ‘थोडे इकडून उचल, थोडे तिकडून सोड’, असे बोलता बोलता दोघे बोलू लागले आणि पुढे एका धर्मशाळेत एकत्र जेवायला बसले. या गोष्टीतला माणूस आधी निघून गेला होता, हे मला महत्त्वाचे वाटते. आज्ञा पाळणारा तो पहिल्या क्षणीच धावला असे मिद्राश सांगत नाही. तो परत फिरला असे सांगते.

शिवाय दारफाळणीच्या सणाला आपण दिवसभर उपास करतो, पण माणसाने माणसाचे केलेले त्या उपासाने फिटत नाही; ज्याचे केले त्याला जाऊन भेटल्याशिवाय नाही. ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. ती फक्त मोठ्या अपराधांसाठी आहे असे कोठे म्हटले आहे?

दोन आठवड्यांनी पुढची शर्यत होती. नातू सकाळी प्रथम व्यवस्थापकाकडे गेला आणि त्याला सांगितले. व्यवस्थापकाने ऐकून घेतले आणि म्हटले, छापलेला निकाल बदलत नाही. मग नातू त्या मुलाच्या टेबलाकडे गेला. मी लांबून पाहत होतो. काय बोलणे झाले ते नंतर कळले.

नातवाने सांगितल्यावर तो मुलगा स्क्रू आवळता आवळता म्हणाला, “मला माहीत होतं. मी वरून पाहिलं होतं.”

वाचकहो, हे वाक्य ऐकून मी चपापलो. ते दोन सेकंद कोणी पाहिले नाहीत असे नातवाला वाटत होते, मलाही वाटत होते. पण ज्याची गाडी पडते त्याचे डोळे दुसरीकडे कोठे असणार? जगाला दिसत नाही ते ज्याच्यावर येते त्याला दिसते. तो पोरगा दोन आठवडे हे मनात ठेवून होता आणि कोणापाशी बोलला नव्हता.

नातू तेथेच उभा राहिला. काय बोलावे हे त्याला सुचेना. थोड्या वेळाने त्या मुलाने विचारले, “मागच्या डिफमध्ये तू कितीचं तेल घालतोस?” नातवाने आकडा सांगितला. मग वही आणून दाखविली. दुपारी दोघे उसाचा रस पीत एकाच टेबलाशी बसलेले मला दिसले. त्या दिवशी मुख्य शर्यतीत तो मुलगा आला आणि नातू आला नाही. नातवाला वाईट वाटले. त्याने ते लपविले नाही. पण घरी आल्यावर गाडी धुतली, बेअरिंग फिरवून ऐकली आणि काचेवर ठेवून पाते घालून पाहिली.

झोपण्यापूर्वी तो मला म्हणाला, “आजोबा, आता फिटलं का?”

मी म्हटले, “ते मला काय माहीत? पुढल्या वेळी वळणावर उभा राहशील तेव्हा तुझे तुला कळेल.”

मी आता परत आलो आहे. आपली मुले-नातवंडे आज जगभर विखुरली आहेत. कोणी काय खेळते, कोणी काय काम करते, त्यांतले निम्मे आपल्याला समजतही नाही. त्यांना आपण काय द्यायचे, असा प्रश्न आपल्या मंडळींत नेहमी निघतो. मला वाटते, तराजूवर खरे उतरायला त्यांना कोणीही शिकवील; ते शिकवायला जगात तराजू पुष्कळ आहेत. जेथे तराजू नाही तेथे कसे उभे राहायचे, हे मात्र घरातूनच जावे लागते. आणि ते सांगण्याआधी आपले उत्तर तपासून पाहावे, कारण रात्री अकरा वाजता पोर विचारायला येते तेव्हा ‘झोप जा’ म्हणणे फार सोपे असते.

प्रत्येकाच्या वळणावर कधी ना कधी कोणाचे तरी गाढव बसलेले असते. भावाचे असते, जावेचे असते, शेजाऱ्याचे असते. ज्याच्याशी वर्षानुवर्षे बोलणे नाही अशाचेही असते. ‘मागून गाडी येत होती’ हे उत्तर आपल्यापाशी तयार असते आणि बहुधा ते खरेही असते. ती गाडी किती लांब होती, एवढे मात्र ज्याचे त्याने मोजावे.